डब्यात माती, मातीत बीळ, बिळात कोण?

प्रश्न : मी सध्या मुलाकडे मँचेस्टरला आले आहे. त्याच्या खोलीत काचेची एक पेटी आहे, तिच्यात वीतभराहून जास्त माती भरलेली आहे आणि त्या मातीत म्हणे निळ्या रंगाचा टॅरंटुला राहतो. 'म्हणे' अशासाठी, की मला येऊन दीड महिना झाला, पण त्याचं दर्शन काही झालं नाही. आधी निदान एक भोक दिसायचं, आता तेही बुजलंय. मुलगा रोज रात्री टॉर्च घेऊन मातीकडे बघत बसतो आणि शनिवारी कोपऱ्यात पाणी ओततो. पुढच्या आठवड्यात तो आणि सूनबाई दहा दिवस बाहेर जाणार आहेत, म्हणजे हे काम माझ्याकडे. तो मेलाच असेल तर मी नुसत्या मातीला पाणी घालत बसू का? चमच्याने हळूच उकरून पाहिलं तर चालेल का? आणि मनातलं विचारते, जो दिसतच नाही तो प्राणी पाळायचा कशाला?
— एक वाचक, मूळ गाव चिपळूण

उत्तर : आधी चमचा खाली ठेवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो मेला असण्यापेक्षा कात टाकायच्या तयारीला लागला असण्याचीच शक्यता जास्त दिसते.

निळा आणि बिळात राहणारा म्हणजे बहुधा 'कोबाल्ट ब्लू', शास्त्रीय नाव सिरिओपॅगोपस लिविडस. मूळचा म्यानमार आणि थायलंडचा. पाय पसरले की साधारण तळहाताएवढा. १९९६ साली त्याला शास्त्रीय नाव मिळालं, ते होतं हॅप्लोपेल्मा लिविडम. जुन्या पुस्तकांत अजून तेच सापडेल, म्हणून गोंधळू नका. टॅरंटुलांमध्ये काही झाडावर राहतात, काही जमिनीवर दगडा-लाकडाच्या आडोशाला, आणि काही बिळात. तुमच्या मुलाने तिसऱ्या जातीचा, आणि त्यातही पक्का बिळकरी निवडला आहे. असे कोळी पाळणारे स्वतःच गमतीने म्हणतात की आमच्याकडे एक पाळीव बीळ आहे.

थट्टेतलं असलं तरी ते खरंच आहे. या प्राण्याचं सगळं आयुष्य बिळाभोवती फिरतं. तो विषदंतांनी माती उकरतो, रेशमाने तिच्या गोळ्या बांधतो, तोंडाशी धरून एकेक गोळी वर आणतो आणि दारापासून दूर टाकतो. भिंतींना आतून रेशमाचं अस्तर लावतो, म्हणजे माती ढासळत नाही. दाराबाहेर धागे पसरून ठेवतो. डोळे आठ असूनही त्याची नजर अधूच. तो जग ओळखतो हादऱ्यांवरून, पायांवरच्या बारीक केसांनी. रात्री दाराशी पुढचे पाय टेकवून बसायचं, रातकिड्याचा पाय एखाद्या धाग्याला लागला की झडप घालायची आणि पापणी लवायच्या आत भक्ष्यासह खाली. दिवसा बाहेर यायचं त्याला कारणच नसतं. ऊन, कोरडी हवा, पक्षी, हे सगळं वर असतं. बिळाच्या तळाशी मात्र ओल आणि तापमान दिवसभर जवळपास एकसारखं राहतं.

असा प्राणी दार बंद का करतो? पोट भरलेलं असेल, वरची माती फार कोरडी झाली असेल, मादीने अंड्यांची पिशवी विणली असेल. आणि सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे कात. कातीच्या आधी हे कोळी काही आठवडे, कधी काही महिने खाणं सोडतात. मग रेशीम आणि माती मिसळून दार लिंपून घेतात आणि आत उताणे पडतात. पाठीवरचं कवच झाकणासारखं उघडतं आणि त्यातून आठ पाय, विषदंत, इतकंच काय फुफ्फुसांच्या पदरांचं अस्तरसुद्धा ओढून काढावं लागतं. हे काम काही तास चालतं. बाहेर येतात तेव्हा विषदंत पांढरे आणि मऊ असतात. ते काळे आणि कठीण व्हायला पुढे बरेच दिवस जातात. या काळात तुमचा चमचा खाली उतरला तर काय होईल याची कल्पना करा. त्याची नवी त्वचा इतकी नाजूक असते की एक ओरखडाही जिवावर बेतू शकतो.

मेलेला कोळी कसा ओळखायचा, तेही सांगतो, कारण इथे नवखे हमखास फसतात. कोळ्याच्या पायांतले काही महत्त्वाचे सांधे वाकवायला स्नायू आहेत, पण सरळ करायला नाहीत. पाय ताठ होतो तो आत रक्ताचा दाब भरल्यामुळे. पाणी कमी पडलं किंवा प्राण गेले की दाब उतरतो आणि आठही पाय अंगाखाली मुडपले जातात. तेव्हा सरळ बसलेला आणि पाय पोटाशी गोळा केलेला कोळी ही काळजीची गोष्ट. उताणा, पाय पसरून पडलेला कोळी मात्र जिवंत असतो. त्याला कात टाकू द्यायची. कित्येकांनी असा उताणा कोळी मेला समजून कचऱ्यात टाकला आहे.

आता तुमचे दहा दिवस. पाणी घालायचं ते मुलगा दाखवेल त्या कोपऱ्यातच, अगदी थोडं, म्हणजे तळाची माती ओलसर राहील. बिळाच्या तोंडावर ओतू नका. पाण्याची उथळ वाटी असेल तर ती भरून ठेवा. रातकिडे किंवा झुरळं आत सोडू नका. कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला रातकिडा कुरतडू शकतो. हीटर लावायचा मोह झाला तर पेटीखाली तर अजिबात नको. जमिनीतला कोळी उन्हापासून पळायला खाली जातो. उष्णताच खालून आली तर बिचाऱ्याने जायचं कुठे? खोलीत तुम्हाला स्वेटरशिवाय बसवत असेल तर त्यालाही पुरेसं आहे. आणि पेटीच्या एका बाजूला काळा कागद चिकटवलेला आहे का ते बघा. अनेक जण बीळ काचेला लागून खणलं जावं म्हणून सुरुवातीला काचेजवळ बोटाने भोक करून देतात आणि बाहेरून काच झाकतात. तसं असेल तर रात्री कागदाचा कोपरा क्षणभर उचला, आतली सगळी बैठक दिसेल. रोज रोज उचलू नका, नाहीतर तो काचेवरही रेशमाचा पडदा ओढून घेईल.

दार उघडलं की एखाद्या सकाळी बाहेर एक चुरगळलेला, पोकळ, आठ पायांचा सांगाडा पडलेला दिसेल. ती कात. ती टाकू नका, मुलासाठी जपून ठेवा. पाण्यात साबणाचा थेंब घालून ती भिजवली, पोटाचा भाग अलगद उलगडला आणि भिंगाखाली पाहिला, तर फुफ्फुसांच्या पुढच्या जोडीच्या मध्ये मादीची शुक्राणू साठवण्याची छोटी पिशवी दिसते. दिसली तर मादी. या माहितीला फार किंमत आहे, कारण मादी कित्येक वर्षं जगते. नर वयात आल्यावर बीळ सोडून मादीच्या शोधात भटकायला लागतो आणि बहुधा काही महिन्यांत संपतो. अमेरिकेत कोलोराडो राज्यातल्या ला हुंटा गावाच्या आसपास शरद ऋतूत असे नर रस्ते ओलांडताना दिसतात आणि ते बघायला लोक मुद्दाम जातात. मुलाचा कोळी अचानक दिवसभर काचेवर चढून फिरायला लागला, तर तो नर निघाला असं समजा.

तुमच्या शेवटच्या प्रश्नावर माझं मत स्पष्ट आहे. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर मासे पाळावेत. बिळातला कोळी हा ज्याला वाट बघण्यात गोडी वाटते त्याचा छंद. त्याला कुरवाळता येत नाही, तो मालकाला ओळखत नाही, आणि कोबाल्ट ब्लू तर भयंकर चपळ आणि तिरसट. झाकण उघडलं की पुढचे पाय उगारून उभा राहतो. पण एक गोष्ट मलाही चक्रावून टाकते. जो प्राणी अंधारात जगतो आणि ज्याची नजर अशी, त्याला एवढा झगझगीत निळा रंग हवा कशाला? हा रंग रंगद्रव्याचा नसतो. केसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश पडून तो निळा दिसतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाखवून दिलं गेलं की टॅरंटुलांमध्ये हा निळा रंग किमान आठ वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाला आहे. नर-मादीच्या आकर्षणासाठी तो नसावा, असं त्या मंडळींचं म्हणणं होतं. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने दाखवलं की टॅरंटुलांच्या अंगी रंग ओळखण्याला लागणारी जनुकं कार्यरत असतात, म्हणजे वाटतं तेवढे ते रंगांध नसावेत. वाद चालू आहे. तुमचा मुलगा टॉर्च घेऊन ज्या मातीकडे बघतो, तिच्याखाली हे कोडं बसलेलं आहे.

बिळाशी निष्ठा किती असते याचंही एक उदाहरण सांगतो, टॅरंटुलाच्या दूरच्या नात्यातल्या झाकणवाल्या कोळ्याचं. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेने १९७४ पासून अशा कोळ्यांच्या बिळांवर लक्ष ठेवलं होतं. त्यातल्या सोळा नंबरच्या बिळातली मादी २०१६ पर्यंत त्याच बिळात होती. वय ४३ वर्षं. म्हातारपणाने गेली नाही. गांधीलमाशीने बिळाच्या झाकणाला भोक पाडून तिचा घात केला.

प्रश्न : मी पुण्यात शिकतो. पावसाळ्यात आंबोलीला गेलो असताना रस्त्याकडेच्या दरडीत रेशमाचं अस्तर लावलेलं बीळ दिसलं, रात्री त्यात जाडजूड कोळीही दिसला. आपल्याकडे टॅरंटुला आहेत हे तेव्हा कळलं. परदेशातला मागवण्यापेक्षा आपल्या मातीतला आणून पाळला तर काय हरकत आहे?

उत्तर : मोठी हरकत आहे.

सह्याद्रीत टॅरंटुला आहेत, आणि बिळात राहणारेही आहेत. किलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस ही जात महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकाच्या घाटांत मिळते. पोटावर गडद पट्टे, पाठीच्या कवचावर प्रकाश पडला की जांभळट-सोनेरी झाक. तुम्ही पाहिलेला तोच होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, वर्णनावरून कोळ्याची जात ठरवणारे फार आत्मविश्वासाचे लोक असतात. या जातीला नाव दिलं ब्रिटिश म्युझियममधल्या रेजिनल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये. याच किलोब्रॅकिसचे आसामातले भाऊबंद डिवचल्यावर आवाज काढतात. तोंडाजवळचे काटे एकमेकांवर घासून फिस्कारल्यासारखा. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या वुड-मेसन यांनी १८७०च्या दशकात ते नोंदवलं, तेव्हा कोळी आवाज करतो ही नवलाची बातमी होती.

आता हरकत. जी मादी तुम्हाला दिसली ती त्या बिळात कदाचित तुम्ही शाळेत होता तेव्हापासून राहत असेल. पिल्लं अंड्यांतून बाहेर पडली की आईच्या आसपासच बिळं करतात, फार लांब जात नाहीत. त्यामुळे एका दरडीतल्या माद्या काढल्या की ती वस्ती संपते, पलीकडच्या डोंगरावरून लगेच दुसरी येत नाही. घाटात रस्ते रुंद करताना याच दरडी पहिल्यांदा कापल्या जातात, हा भाग वेगळाच. अभयारण्याच्या किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून परवानगीशिवाय कोणताही वन्यजीव उचलणं हा तर सरळ गुन्हा.

आपल्याकडच्याच एका सुंदर टॅरंटुलाचं काय झालं ते ऐका. हा झाडावर राहणारा, पण धडा तोच. पोकॉक यांनी त्याच १८९९ मध्ये आंध्रातल्या गुत्ती इथे रेल्वेच्या लाकडांच्या वखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून पोइसिलोथेरिया मेटॅलिका ही झळाळत्या निळ्या रंगाची जात जाहीर केली. नंतर शंभर वर्षं कुणाला तो जंगलात दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूरच्या दरम्यानच्या जंगलात तो पुन्हा सापडला, आणि पुढे युरोप-अमेरिकेतल्या छंदिष्टांच्या पेट्यांमध्ये तो सर्रास दिसू लागला. इकडे जंगलात मात्र तो आज अतिसंकटग्रस्त आहे. २०१९ मध्ये पोइसिलोथेरिया हा सगळा गटच 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घेतला गेला. आपल्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३पासून लागू आहे. तिच्यामुळे साइट्समधले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली.

'परदेशातला मागवण्यापेक्षा' असं तुम्ही सहज लिहिलंय, पण तेही कुरियरने पुस्तक मागवण्याइतकं सोपं नाही. जुलै २०२०मध्ये चेन्नईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी पोलंडहून तमिळनाडूतल्या एका पत्त्यावर आलेलं पार्सल उघडलं. थर्माकोलच्या खोक्यात, चांदीच्या कागदात आणि कापसात गुंडाळलेल्या छोट्या छोट्या कुप्या, आणि त्यात १०७ जिवंत कोळी. ते सगळे परत पोलंडला पाठवावे लागले. आयात परवाना आणि कागदपत्रं नसतील तर तुमच्या पार्सलचंही तेच होईल. दुकानदार 'काही होत नाही साहेब' म्हणाला तर त्याच्याकडे आयातीची कागदपत्रं मागा आणि चेहरा बघा.

तुम्हाला बीळ सापडलं आहे, हे भाग्य थोडं नाही. पुन्हा जा, रात्री जा, लाल रंगाचा प्रकाश वापरा आणि चार हात दूर बसा. गवताची काडी आत घालून त्याला बाहेर काढायचा खेळ करू नका. सगळे गाइड करतात, म्हणून तो योग्य होत नाही. फोटो टाकलात तर नेमकी जागा लिहू नका, चोरांनाही फोनवर नकाशा दिसतो.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्या चौदा वर्षांच्या मुलीला टॅरंटुलाच हवा आहे, तोही बीळ करणारा. आधी नाही म्हणून पाहिलं. आता पेटी कशी असावी ते तरी सांगा.

उत्तर : बापलेकीत कोण जिंकलं ते कळलं.

कोबाल्ट ब्लू मात्र नको. अमेरिकेतच राहता, तर ॲरिझोनाच्या वाळवंटातला ॲफोनोपेल्मा कॅल्कोडीस घ्या; फिकट सोनेरी, स्वभावाने संथ, बिळात राहूनही अधूनमधून दर्शन देणारा. घ्यायचा तो पाळीव माद्यांपासून निपजलेला, रानातून खणून आणलेला नको, आणि हे विक्रेत्याला थेट विचारा. मादी असेल तर तीस वर्षांच्या आसपास जगू शकते. मुलगी कॉलेजला जाईल, नोकरीला लागेल, आणि कोळी तुमच्याच घरी राहील, हे आत्ताच गृहीत धरा.

पेटीत जागा खोलीला हवी, उंचीला नको. प्रौढ कोळ्याला वीतभर किंवा त्याहून जास्त माती, आणि मातीपासून झाकणापर्यंत अंतर कमी. टॅरंटुलाचं पोट पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं असतं. उंचावरून पडला तर ते फुटतं आणि तो मरतो. लोक शोभेसाठी उंच पेटी आणतात आणि तळाला चार बोटं माती टाकतात, ते नेमकं उलटं. नुसतं कोकोपीट भुसभुशीत असतं, बीळ टिकत नाही. त्यात खत नसलेली चिकणसर माती मिसळा, थर देऊन हाताने घट्ट दाबा. मुठीत दाबली तर गोळा राहावा, पाणी गळू नये, एवढीच ओल. या वाळवंटी जातीला वरचा थर पूर्ण कोरडा चालतो, तळाशी किंचित ओल आणि पाण्याची वाटी पुरे. काचेवर बाष्प धरलं तर हवा खेळत नाही असं समजा. बाजूला भोकं वाढवा. खाणं आठ-पंधरा दिवसांनी एखादा रातकिडा किंवा दुकानात मिळणारं पैदास केलेलं झुरळ. घरातलं झुरळ नको, त्याने कुठलं औषध खाल्लंय कुणास ठाऊक. उरलेलं भक्ष्य दुसऱ्या दिवशी लांब चिमट्याने काढा. हिवाळ्यात तो महिनोन्महिने खाणार नाही. मुलगी घाबरेल, तेव्हा पोट बघा. ते गुबगुबीत असेल तर काहीही बिघडलेलं नाही.

आणि हातात घ्यायचा नाही. चावण्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे अमेरिका खंडातले बरेचसे टॅरंटुला मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवतात. ते डोळ्यात गेले तर डॉक्टरकडे धावावं लागतं. पेटी साफ करताना तिच्यावर चेहरा धरू नये, नंतर हात धुवावेत.

प्रश्न : टॅरंटुला चावला तर माणूस मरतो का?

उत्तर : टॅरंटुलाच्या दंशाने माणूस दगावल्याची खात्रीलायक नोंद नाही. पण आशिया-आफ्रिकेतले टॅरंटुला खाजरे केस उडवत नाहीत, ते सरळ चावतात, आणि त्यांचं विष अमेरिकेतल्या भावंडांपेक्षा तीव्र. पोइसिलोथेरियाच्या दंशाने स्नायूंत जबरदस्त गोळे येतात, कधी दिवसच्या दिवस.

वेदना होते ती कशी, यात गंमत आहे. मिरची खाल्ल्यावर तोंडात आग होते ती ज्या संवेदकामुळे, त्यालाच काही टॅरंटुलांची विषं चेतवतात. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने हे २००६ मध्ये त्रिनिदादच्या एका टॅरंटुलाच्या विषात दाखवलं आणि २०१० मध्ये कोबाल्ट ब्लूच्या जवळच्या नात्यातल्या एका चिनी टॅरंटुलाच्या विषात. मिरचीच्या या संवेदकाच्या शोधासाठीच ज्युलियस यांना २०२१चं वैद्यकाचं नोबेल विभागून मिळालं. म्हणजे झाडाने आणि कोळ्याने, एकमेकांशी काही संबंध नसताना, शत्रूला पळवून लावायला तेच बटण शोधून काढलं.

चावलाच तर जखम साबणाने धुवा, बर्फ लावा, बोटातली अंगठी सूज यायच्या आत काढा, आणि छातीत कसंतरी होत असेल, धाप लागत असेल किंवा गोळे येत असतील तर डॉक्टरांना जात सांगता येईल असा पेटीचा फोटो घेऊन जा. कुत्र्याची गोष्ट वेगळी. ऑस्ट्रेलियातल्या बिळकरी टॅरंटुलांच्या दंशाने कुत्री दोन तासांच्या आत मेल्याच्या नोंदी आहेत. घरात कुत्रं असेल तर पेटी उंचावर ठेवा आणि झाकणाला कडी घाला.